यादीत नसलेले कारागीर

मध्य प्रदेश विधानसभेचा निकाल 3 डिसेंबर 2023 ला लागला तेव्हा 230 पैकी 163 जागा भाजपला मिळाल्या. जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सातही जागा मात्र काँग्रेसने घेतल्या, आणि त्या सातांत पांढुर्णा होतं, सौंसरही होतं. विशेष हे, की याच दोन तालुक्यांचा मिळून दोनच महिने आधी, ऑक्टोबरात, स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला होता. लोकांनी भाजप सरकारने दिलेला जिल्हा घेतला आणि मत आपल्या मनाने दिलं. पुढच्याच जूनमध्ये छिंदवाडा लोकसभेची जागा भाजपने लाखाहून जास्त मतांनी जिंकली. 1980 पासून ही जागा काँग्रेसच्या कमलनाथांकडे किंवा त्यांच्या घरच्यांकडे होती. मधे फक्त 1997 च्या पोटनिवडणुकीत भाजपच्या सुंदरलाल पटवांनी ती घेतली होती. राज्याला एक मत आणि देशाला दुसरं मत, तेही सहा महिन्यांच्या अंतराने. इथला माणूस वारं वाहील तिकडे जातो असं म्हणणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारीशेजारी ठेवून पाहावेत.

हे मत सभेच्या मैदानात तयार होत नाही. ते तयार होतं मोटर भरण्याच्या दुकानात, वेल्डिंगच्या शेडमध्ये, दुचाकीच्या गॅरेजसमोर, मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर. काम चालू असतं, गिऱ्हाईक वाट बघत बसलेलं असतं, आणि बोलणं कलम 370 वरून अयोध्येवर, तिथून पेट्रोलच्या भावावर आणि तिथून पाकिस्तानवर जातं. मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत संपतं. 'दिल्लीत कोणीबी बसो, आपल्याले तर मोटरच भरा लागते' हे वाक्य या भागात सगळ्या पक्षांच्या लोकांच्या तोंडी ऐकू येतं. ते निराशेचं वाक्य आहे असं समजलं जातं. मला त्यात एक तक्रार ऐकू येते, आणि ती तक्रार रास्त आहे. या भागातला तरुण कारागीर देशाच्या राजकारणाबद्दल भरपूर बोलतो, पण ते बोलणं त्याच्या स्वतःच्या कामापर्यंत येऊन पोचत नाही; आणि देशाचं राजकारण त्याच्याशी भरपूर बोलतं, पण तेही त्याच्या कामापर्यंत येत नाही. त्याचं नशीब ठरवणारे नियम या दोन्ही बोलण्यांच्या मधे पडलेले आहेत. तिथे कोणी पाहत नाही.

आधी काम कसलं ते सांगतो. पांढुर्णा-सौंसरचा पट्टा संत्र्याचा आणि कापसाचा. बाग विहिरीवर आणि बोअरवर. उन्हाळ्यात अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, फळं लहान असतात; त्या दिवसांत पाणी तुटलं की गळ सुरू होते. म्हणजे मे महिन्यात जळालेली मोटर दोन दिवस उशिरा भरून मिळाली, तर शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न जमिनीवर पडतं. मोटर भरणारा जळालेली वाइंडिंग कापून काढतो, खाचांत नवा कागद घालतो, वेढे मोजून तांब्याची तार भरतो. विहिरीवरच्या मोटरला वार्निश लागतं; पाण्यात बुडणाऱ्या मोटरला प्लास्टिकचं आवरण असलेली तार लागते. कुठल्या मोटरला किती वेढे आणि किती जाडीची तार, हे त्याच्या वहीत लिहिलेलं असतं आणि त्याहून जास्त त्याच्या डोक्यात असतं. हे शिकायला काही वर्षं जातात. तशीच विद्या डोळा बांधून संत्र्याची कलमं करणाऱ्याची. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शेंदुरजनाघाट-वरूड भागातल्या रोपवाटिकांत ती चालते आणि इकडेही येते. ठिबक बसवणारे, ट्रॅक्टरची ट्रॉली बांधणारे, एसी-फ्रिजचे मेकॅनिक, बोरगावच्या गिरण्यांत काही वर्षं फिटर म्हणून राबून मग स्वतःचं शटर उघडणारे, असे हे सगळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार, म्हणजे परंपरेची दगडफेक, होते तेव्हा देशभरचे कॅमेरे पांढुर्ण्यात येतात. उरलेलं वर्षभर जे गाव चालतं, ते या हातांवर चालतं, आणि त्याची बातमी होत नाही.

या मुलांपैकी अनेकांनी आधी सरकारी नोकरीची वाट पाहिलेली असते. पटवारी, पोलीस, शिक्षक. व्यापमं या राज्याच्या परीक्षा मंडळाचा भरती घोटाळा 2013 मध्ये बाहेर आला, तेव्हा ही मुलं शाळेत होती. 2023 च्या पटवारी भरतीवर आरोप झाले आणि नेमणुका थांबवल्या गेल्या, तेव्हा ती परीक्षेच्या वयात होती. सीमाभागातल्या मुलाची आणखी एक अडचण असते. 1956 च्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी पट्टा छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. राजधानी शेजारच्या नागपुरातून भोपाळला गेली. घरची भाषा मराठी, स्पर्धा परीक्षा हिंदीत, आणि महाराष्ट्रातल्या भरतीत अधिवासाचा दाखला आडवा. हाताच्या कामाला अधिवास लागत नाही, म्हणून तो हाताच्या कामाकडे वळतो. लग्नाच्या बैठकीत मात्र 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला 'गॅरेज आहे' हे उत्तर अजून कमी पडतं. दहा हजारांची कंत्राटी नोकरी चालते, स्वतःचं दुकान चालत नाही. समाजाच्या या नजरेलाही मी राजकारणच म्हणतो, कारण निवडणुकीत 'रोजगार' हा शब्द आला की सगळ्याच पक्षांना फक्त नेमणूकपत्रं दिसतात.

आता त्या मधल्या, दुर्लक्षित जागेकडे येऊ. 17 सप्टेंबर 2023 ला केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. पाच वर्षांसाठी 13,000 कोटी रुपये. नोंदणी, ओळखपत्र, काही दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख रुपयांचं विनातारण कर्ज. योजना चांगली आहे. सुताराला, कुंभाराला, शिंप्याला सावकाराच्या दारातून बाहेर काढणारी कुठलीही योजना चांगलीच. पण तिची यादी वाचा. 18 धंदे आहेत: सुतार, लोहार, सोनार, कुंभार, मूर्तिकार, चांभार, गवंडी, न्हावी, धोबी, शिंपी, माळा गुंफणारे, टोपल्या-चटया विणणारे, खेळणी करणारे, कुलपं करणारे, हातोडे-अवजारं घडवणारे, होड्या बांधणारे, मासेमारीची जाळी विणणारे, शस्त्रं घडवणारे. मोटर भरणारा यात नाही. इलेक्ट्रिशियन नाही, प्लंबर नाही, दुचाकीचा मेकॅनिक नाही, मोबाइल दुरुस्त करणारा नाही. वेल्डरने स्वतःला लोहार म्हणवून घेतलं तर कदाचित जमेल. पांढुर्ण्याच्या बाजारात तिशीच्या आतल्या मुलांनी गेल्या काही वर्षांत जी दुकानं टाकली, त्यातली बरीच या यादीच्या बाहेर पडतात.

हे केवळ विसरणं नाही असं मला वाटतं. यादीमागे कारागिराचं एक चित्र आहे, आणि त्या चित्रात धंदा बापाकडून मुलाकडे येतो. नोंदणीला जातीची अट नाही, कोणीही अर्ज करू शकतो, हे खरं. तरी बाराबलुतेदारी माहीत असलेल्या मराठी माणसाला ही यादी ओळखीची वाटल्याशिवाय राहत नाही. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये जातिव्यवस्थेवर घेतलेला मोठा आक्षेप हाच होता, की ती कामाची वाटणी करून थांबत नाही, काम करणाऱ्यांनाच जन्माने वाटून टाकते. आता नव्या धंद्यांकडे पाहा. मोटर भरणारा कुणबी असतो, भोयर पवार असतो, तेली असतो, गोंड असतो, बौद्ध असतो, मुसलमान असतो. एकाच उस्तादाच्या हाताखाली तिघे वेगवेगळ्या मोहल्ल्यांतून आलेले असतात. जन्माशी नातं तुटलेलं कौशल्य हे गेल्या पन्नास वर्षांतलं छोट्या गावांचं मोठं कमावणं आहे, आणि त्याला सरकारी यादीत नाव नाही. यावर कोणत्या पक्षाच्या सभेत कोणी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. दुकानातही ऐकलेलं नाही, आणि ते मला जास्त लागतं.

दुसरा नियम सीमेचा. सौंसरहून महाराष्ट्रातलं सावनेर हे छिंदवाड्यापेक्षा जवळ आहे. सोयरिक तिकडे, बाजार तिकडे, दवाखाना नागपूरला. समजा सौंसरच्या वेल्डरने लोखंडी गेट बनवलं. वर्षाला चाळीस लाखांच्या आत उलाढाल असेल आणि गेट मध्य प्रदेशातच विकलं, तर त्याला जीएसटीची नोंदणी घ्यावी लागत नाही. तेच गेट गाडीत घालून सावनेरला नेऊन विकलं की कायदा बदलतो: दुसऱ्या राज्यात माल पुरवणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची. छोट्या धंद्यासाठी ठोक एक टक्का कराची जी कंपोझिशन योजना आहे, तीही आंतरराज्य विक्री करणाऱ्याला मिळत नाही. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, गेटला नाही. दुरुस्तीसारख्या सेवेला ऑक्टोबर 2017 पासून वीस लाखांपर्यंत सूट मिळाली. म्हणजे मोटर भरणारा सावनेरला जाऊन मोटर दुरुस्त करून आला तर चालतं; गेटवाल्याचं चालत नाही. इंदूरच्या किंवा पुण्याच्या कारागिराला हा नियम कधी लक्षातही येणार नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक त्याच्या राज्यात असतं. सीमेवरच्या माणसाचं निम्मं गिऱ्हाईक कायद्याने परराज्यात आहे. मग तो तीन गोष्टींपैकी एक करतो: कायदा मोडतो, गिऱ्हाईक सोडतो, किंवा नोंदणी घेऊन विवरणपत्रं भरून देणाऱ्याला पैसे देतो. दुकानात जीएसटीवर तावातावाने वाद होतो, जीएसटी देशाला चांगला की वाईट. ज्या एका कलमाने त्याचा धंदा अडतो, त्याचा उल्लेख त्या वादात येत नाही.

तिसरं उदाहरण सोलर पंपाचं. पीएम-कुसुम योजना 2019 ची. अनुदानावर सौर पंप बसतात, पुरवठादार कंपनी निविदेतून निवडली जाते आणि पाच वर्षं देखभाल तिच्याकडे असते. शेतकऱ्याच्या हिताची अट आहे, ती काढून टाका असं कोणी म्हणू नये. पण त्या पाच वर्षांत गावातल्या मेकॅनिकने कंट्रोलरला हात लावला तर हमी जाते, म्हणून शेतकरी त्याला हात लावू देत नाही, आणि पाच वर्षांनी पंप बिघडायला लागतो तेव्हा तो उघडून पाहिलेला माणूस तालुक्यात नसतो. त्याच करारात एक ओळ घालता आली असती, की देखभालीसाठी त्याच तालुक्यातले इतके मेकॅनिक कंपनीने शिकवून ठेवावेत. ती ओळ दिल्लीत किंवा भोपाळमध्ये कोणीतरी लिहायची असते, आणि लिहायला सांगायचं काम आमदार-खासदारांचं असतं. सौर ऊर्जेवर पंतप्रधान बरोबर की विरोधक बरोबर यावर आपण जितका वेळ घालवतो, त्याच्या दहाव्या हिश्शात ही मागणी मांडून होईल.

शिकण्याच्या बाबतीतही हेच. छिंदवाड्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत कौशल्य केंद्रं आली, पादत्राणांची रचना शिकवणारी मोठी संस्थाही आली, आणि त्याचं श्रेय ज्याचं त्याला द्यावं. त्या केंद्रांचा रोख दूरच्या कंपनीत नोकरी लागावी असा आहे. सौंसरमध्ये शटर उघडणाऱ्याला हिशेब, दरपत्रक, कर्जाचा अर्ज शिकवणारं तिथे फार नाही. खरी शाळा उस्तादाचं दुकान असते. पण शिकाऊ उमेदवारीच्या सध्याच्या नियमांत तीस किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेला उमेदवार घेणं सक्तीचं आणि चार ते एकोणतीसला ऐच्छिक आहे. उस्ताद आणि दोन पोरं असलेलं दुकान या नियमांच्या बाहेर. तिथे पाच वर्षं घासलेल्या मुलाकडे दाखवायला कागद नसतो. आधीच अवगत असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय केंद्राच्या योजनेत आहे. ती या मुलांच्या दारापर्यंत आणणं एवढंच बाकी आहे.

इथे कोणी म्हणेल, मग कारागिराने आपल्या धंद्यापुरतंच बोलावं का? काश्मीर आणि परराष्ट्र धोरण सुशिक्षितांवर सोडावं? मी हे कदापि म्हणणार नाही. मोटर भरणाऱ्याचं काश्मीरबद्दलचं मत प्राध्यापकाच्या मताइतकंच वजनाचं आहे, आणि सीमेवर जवान म्हणून जाणारी पोरं बहुतेक अशाच घरांतली असतात. माझा आग्रह उलटा आहे. प्राध्यापक सातव्या-आठव्या वेतन आयोगाबद्दल बोलतो तेव्हा कोणी त्याला संकुचित म्हणत नाही. व्यापारी संघटना कराच्या दरांवर निवेदनं देतात. शेतकरी तीन कृषी कायद्यांविरुद्ध आणि हमीभावासाठी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसला आणि 2021 मध्ये ते कायदे मागे घेतले गेले. कारागीर मात्र राजकारण बोलताना आपलं काम घरी ठेवून येतो. जणू अवजारं हातात घेऊन देशाबद्दल बोलणं कमीपणाचं आहे.

त्याला एक व्यवहारी कारणही आहे, आणि ते हलकं लेखू नये. दुकानदाराला सगळ्या पक्षांचं गिऱ्हाईक लागतं. फोनवर एका पक्षाचं स्टेटस ठेवलं की दुसऱ्या पक्षाचा सरपंच आपली मोटर दुसरीकडे नेतो. पन्नास हजारांच्या गावात हे महाग पडतं. म्हणून तो मोठ्याने बोलतो ते लांबच्या विषयांवर, ज्यांवर बोलून गावात कोणाचं काही बिघडत नाही. नगरपालिकेच्या गाळ्यांचं वाटप, वीज कनेक्शनला लागणारा वेळ, बँकेतली अडवणूक, यांवर तो गप्प असतो, कारण तिथे नाव घ्यावं लागतं. एकेकट्याने बोलणं परवडत नाही तेव्हा संघटना लागते. आणि या गप्पांत बाया तर नसतातच. घरी शिलाई मशीन चालवणारी, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवणारी बाई स्वतः उद्योजक आहे. राजकारणात मात्र ती फक्त लाभार्थी म्हणून मोजली जाते. 2023 पासून इकडे लाडली बहना, 2024 पासून तिकडे लाडकी बहीण. नणंदा-भावजया सीमेच्या दोन बाजूंना बसून हप्त्यांची तुलना करतात. तो पैसा तिच्या हक्काचा आहे. तिच्या धंद्याला किती कर्ज हवं, हे कोणी विचारलं तर तेही तिला सांगता येतं.

कारागिराचं भवितव्य लहान निर्णयांवर कसं अवलंबून असतं याचं मराठी उदाहरण दुसऱ्या एका सीमाभागातलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला. नगरपालिकेला वस्ती वाढवायला जागा हवी झाली आणि त्यांचा कारखाना उठवला गेला. औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळ माळरान दिलं, भांडवलाला हात दिला, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कर्तृत्वाची गोष्ट म्हणून ती आपण मुलांना सांगतो. त्यात एका नगरपालिकेचा ठराव आहे आणि एका राजाचा निर्णय आहे, हे सांगायचं राहून जातं. लक्ष्मणरावांची हुशारी दोन्ही वेळी तीच होती. फरक शासनात होता.

पांढुर्ण्याला आज औंधचा राजा नको आहे, त्याच्याकडे जिल्हा आहे. जिल्हा म्हणजे कलेक्टर कचेरीची पाटी एवढ्यावर समाधान मानायचं कारण नाही. प्रत्येक जिल्ह्याचा वार्षिक पतआराखडा बनतो. छिंदवाड्याच्या मोठ्या बेरजेत आजवर लपलेले आकडे आता पांढुर्ण्याचे म्हणून मागता येतील. मुद्रा कर्ज 2015 पासून आहे. देशभरात सुरुवातीच्या वर्षांतली बहुसंख्य खाती पन्नास हजारांच्या आतल्या शिशु गटातली होती. पन्नास हजारांत वेल्डिंगचं यंत्र येतं, शेड येत नाही. म्हणून जिल्ह्यात किती खाती उघडली हा प्रश्न पुरेसा नाही. पन्नास हजारांच्या वरची किती, आणि तिशीच्या आतल्या किती जणांना, हे विचारलं पाहिजे. विश्वकर्माच्या अर्जांची छाननीही जिल्हा समितीतून जाते, आणि यादीत नव्या धंद्यांची भर घाला असा ठराव करून वर पाठवायला नगरपालिकेला कोणी अडवलेलं नाही.

म्हणून पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा, मोहगाव, पिपळा इथल्या कारागिरांना माझी विनंती आहे. धंद्यांची एक संघटना करा, जातीची नको आणि पक्षाचीही नको. मोटरवाला, वेल्डर, मेकॅनिक, कलम बांधणारा, शिलाई करणारी बाई, सगळ्यांची एक. देशाच्या राजकारणावर आज बोलता तसंच बोलत राहा. पण पुढच्या वेळी उमेदवार दुकानाच्या पायरीवर येईल तेव्हा त्याला बसायला स्टूल द्या आणि तीन गोष्टी विचारा: अठरा धंद्यांच्या यादीत आमचा धंदा घालायला तू काय करशील, सावनेर-वरूडला माल विकणाऱ्या छोट्या कारागिराला जीएसटीत सूट मागशील का, आणि सौर पंपांच्या पुढच्या करारात तालुक्यातल्या मेकॅनिकला जागा मिळेल का. सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना हेच विचारा, उत्तर लिहून घ्या, खाली सही घ्या, आणि तो कागद दुकानात दरपत्रकाच्या शेजारी लावा.